इंजिन बंद केल्यानंतर

वार्डोहून ट्रोम्सोला येणारं विमान वाटेत तीनदा उतरतं.
दर थांब्याला दार उघडतं, वारा आत येतो,
आणि ओड्नीच्या बोटांना तो वारा वाटत नाही,
सुयांची पुडी फुटल्यासारखा वाटतो.
हे मला रागन्वालनं सांगितलं, तिच्या नवऱ्यानं,
बाहेर बाकावर, दोघांचे कोट मांडीवर घेऊन.
घरी ती फ्रिज उघडते तो लोकरी मोजे हातात घालून.

ती स्वतः एवढंच म्हणाली: मुंग्या आल्यात.
आणि मग, हनुवटी यंत्राच्या खाचेत टेकवताना:
येतात त्या जातात, असं ऐकून होते.

मी तिच्या डोळ्यात थेंब टाकतो.
बधिर झालेल्या बाईचा डोळा बधिर करतो,
तिचं बधिरपण बघायला.
अकरा वर्षांत मला यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.
ती हसली. भिंग बुबुळाला टेकलेलं.
चित्र हललं, पुन्हा घ्यावं लागलं.

पडद्यावर काळं पाणी, त्यात पांढुरक्या दोऱ्या:
कातडी न कापता शरीर आपले मज्जातंतू
दाखवतं ते इथंच.
सप्टेंबर, पहिल्या सलाइनच्या आधी: एकवीस.
म्हणजे एका चौरस मिलिमीटरात
एकवीस मिलिमीटर दोरी.
डिसेंबर, सहाव्या सलाइननंतर: सोळा.
बाहेर दुपारी दोनला रात्र होती.
डॉक्टर हाल्दिस चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या
आणि उरलेली सहा त्यांनी खोडून टाकली.

चाळीस हिवाळे ओड्नीनं शेडमध्ये उभं राहून
गळांना आमिष लावलं. एका टबात चारशे गळ,
प्रत्येकाला बांगड्याचा एक तुकडा, अर्धवट गोठलेला.
तिकडे बघावं लागत नसे.
रेडिओ चालू, कुणाच्या सुनेची उणीदुणी चालू,
बोटं आपलं आपण बघून घेत.
ऑक्टोबरात तिला राहवेना, गेली तासभर.
गळ अंगठ्यात आरपार रुतला
तो तिला कळला शेजारणीच्या किंकाळीनं.

मार्च. सूर्य परतलेला, खिडकीच्या काचा घाण दिसतात.
बारा.
"औषध तर डिसेंबरातच थांबवलं,"
रागन्वाल म्हणाला, डॉक्टरांना नाही, मला,
जणू मी यंत्राला काहीतरी खायला घातलं होतं.
माझ्याकडे यावर एक वाक्य तयार असतं,
लांब, स्वच्छ, कुणाच्याच उपयोगाचं नाही.
ते मी सुरू करणार तोच ओड्नी म्हणाली,
"इंजिन बंद केलं म्हणून होडी
जागच्या जागी थांबते का रे?
सरकतच राहते धक्क्यापर्यंत.
धक्का किती लांब, ते विचार याला."

याला, म्हणजे मला.
मला धक्का दिसत नव्हता.
मला दिसतो तो फक्त डोळा, तोही
नखाच्या टोकाएवढा, एका वेळी.

जून. तेरा.
एक वाढला, असं म्हणायला जीभ वळवळते.
पण एक हा माझ्या हाताचाही असू शकतो,
शेजारच्या तुकड्याचा, तिच्या पापणीचा.
तसं मी सांगितलं. सांगावं लागतं.
एका कोपऱ्यात एक बारीक, वाकडा फाटा होता,
मार्चच्या चित्रात तो नव्हता,
किंवा मार्चमध्ये मी तिथं बघितलं नव्हतं.
हे मात्र मी सांगितलं नाही.

विमानाला अजून तास होता.
तिनं कोट घातला, पाच बटणं.
डोळे मिटून पहिलं चाचपलं, 
ते काजात आहे की बोटात, ते कळेना.
डोळे उघडले, बघून लावायला लागली.
रागन्वाल खिडकीबाहेर बघत राहिला, मीही,
तिथं एक रिकामं पार्किंग होतं.
चौथं चुकलं.
तिनं पुन्हा वरून सुरुवात केली.